काठ मोजा

चिनावलच्या आमच्या शाळेला लागून फेगड्यांची केळी.
पाच बाय पाचवर लावलेली,
फाटकातून पाहिलं की चौकटीची वही कुणी उघडी टाकून गेल्यासारखी.
त्या वर्षी नवतीतच रोग आला.
पानांवर पिवळ्या रेघा, पोंगा सडलेला,
आणि गफूर तडवी रोज सकाळी कुदळ घेऊन
आजारी खोडं मुळासकट काढी, गोणीत भरी.
मी बांधावर उभा राहून मोजायचो.
मास्तरला दुसरं येतं काय?

त्यातूनच नववीला गणित घातलं :
आठ ओळी, ओळीत आठ झाडं.
ज्याचे दोन शेजारी आजारी, ते झाडही आजारी.
शेजारी म्हणजे चार बाजूंचे. कोपऱ्यावरचे धरायचे नाहीत.
अख्खी बाग जायला सुरुवातीला
कमीत कमी किती झाडं आजारी हवीत?

भंगाळ्यांचा तुकेश म्हणाला, सर, मावा उडतो.
त्याला शेजारबिजार कळत नाही.
खरं होतं. घरची केळी होती त्याची.
मी म्हटलं, हा मावा कागदावरचा आहे, पायी चालतो.
वर्ग हसला. जुबेदा हसली नाही.

आठ पुरतात, हे मला माहीत होतं.
एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तिरकी ओळ धरा,
जिना होतो,
जिन्याच्या खाचा भरत जातात
आणि तिन्हीसांजेपर्यंत बाग पिवळी.
पण सात का नकोत?
सात मी तेवीस वर्षं मांडत होतो,
रावेरच्या एसटीच्या तिकिटांमागे,
पोषण आहाराच्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर.
दर वेळी कुठेतरी एक ओळ हिरवी राहायची.
हिरवी राहिली, हे काही उत्तर नव्हे,
तो माझा थकवा होता.

शाळा सुटल्यावर ती व्हरांड्यात बसली, गफूरची जुबेदा.
शहाबादी फरश्या, नेमक्या आठ बाय आठ
खडूने आखून घेतलेल्या.
दप्तरातून मूठभर चिंचोके काढले
आणि सोपटाच्या दोरीचे तुकडे, फरशीच्या बाजूएवढे,
बापाच्या विळ्याने सारखे कापलेले.
म्हणाली, सर, झाडं कायले मोजता? काठ मोजा.

एका चिंचोक्याभोवती चार तुकडे.
सात चिंचोके, अठ्ठावीस तुकडे. फार तर.
दोन चिंचोके शेजारी आले तर त्याहून कमीच,
मधल्या सांध्याला दोरी कशाला?
मग रोग चालू लागला.
नव्या फरशीला दोन बाजूंनी दोरी आधीच लागलेली,
त्या दोन उचलायच्या,
उरलेल्या दोन बाजूंना लावायच्या.
बस्स.
तीन शेजारी आजारी असले तर उलट एक-दोन हातात उरतात.
चिंचोके वाढत होते,
दोरी वाढत नव्हती.

मग ती उठली, चौकटीच्या कडेकडेने
अनवाणी चालत गेली, फरश्या मोजत,
आठ, आठ, आठ, आठ.
बत्तीस, ती म्हणाली.
आपल्याजवळ अठ्ठावीस.
पुऱ्या बागेला वेढा घालायला चार कमी पडतात, सर.
नेहमीच पडतीन.

मी काही बोललो नाही.
तेवीस वर्षांत मी आतच पाहत राहिलो होतो,
कोण पिवळं झालं, कोण राहिलं.
बांधावर उभा राहूनही
बांध कधी मोजला नव्हता.

कुणीतरी सांगायला हवं होतं म्हणून
मी घाईने हेडसरांना बोलवायला गेलो.
परत आलो तर तडव्यांचीच एक बकरी व्हरांड्यात चढलेली,
सोपटाची दोरी चावत.
पाच-सहा तुकडे उरले होते.
सरांनी विचारलं, काय होतं इथं?
जुबेदा चिंचोके वेचत होती,
धाकट्याला भाजून हवे होते म्हणे.

पलीकडे गफूर शेवटच्या ओळीत कुदळ टाकत होता.
खड्ड्यांच्या बाजूने हिरवी झाडं उभी होती,
किती, ते मी त्या दिवशी मोजलं नाही.